जबड्याच्या सांध्यात सुई: कधी, कशाची आणि कोणासाठी

सकाळी जांभई आली आणि जबडा अर्ध्यावरच अडला. गेली दोन-तीन वर्षं जेवताना कानापाशी 'कट्' असा आवाज येत होता. काल रात्रीपर्यंत तो होता, आज नाही. दुखणं मात्र वाढलंय आणि तोंडात जेमतेम दोन बोटं मावताहेत. घरात कोणी म्हणतं दातखीळ बसली, कोणी अक्कलदाढेला दोष देतं, कोणी कानात कोमट तेल सोडायला सांगतं. दंतवैद्यांकडे असे रुग्ण नेहमी येतात आणि अनुभवी डॉक्टर त्यांना आधी विचारतात, "तो आवाज कधी थांबला?" आवाज थांबला म्हणजे बरं वाटायला लागलं, असं इथे धरता येत नाही. सांध्यातली सरकलेली चकती इतके दिवस दर वेळी जागेवर परतत होती, ती आता परतेनाशी झाली, असाही त्या शांततेचा अर्थ असू शकतो.

अशा रुग्णाच्या कानावर हल्ली बरीच नावं पडतात. एक डॉक्टर 'सांधा धुऊन काढू' म्हणतात, दुसरे 'जेल भरू' म्हणतात. शेजारच्या कोणाला पीआरपीनं बरं वाटलेलं असतं, तर भाचीनं बोटॉक्सबद्दल ऐकलेलं असतं. या सगळ्या उपचारांत चिरफाड नाही, टाके नाहीत आणि बहुतेक वेळा त्याच दिवशी घरी जाता येतं. त्यामुळे ते एकाच माळेचे मणी वाटतात. प्रत्यक्षात ते वेगवेगळ्या बिघाडांसाठी आहेत, काही तर एकमेकांच्या अगदी उलट कामाचे. अडकलेला सांधा मोकळा करायचा असतो, तर ढिला झालेला सांधा आवळायचा असतो. म्हणून 'कोणतं इंजेक्शन चांगलं' हे विचारण्याआधी 'माझ्या जबड्यात नेमकं काय बिघडलंय' हे विचारायला हवं.

कानाच्या भोकाच्या पुढे बोट ठेवून तोंड उघडलं की तिथे काहीतरी पुढे सरकताना हाताला लागतं. तोच हा सांधा. खालच्या जबड्याच्या टोकाचा गोलसर भाग कवटीच्या खाचेत बसतो आणि दोघांच्या मध्ये चिवट तंतूंची एक लहान चकती असते. ही चकती सांध्याचे दोन कप्पे करते, वरचा आणि खालचा. तोंड उघडायला सुरुवात होते तेव्हा हाड खालच्या कप्प्यात गोल फिरतं. त्यानंतर चकतीसकट पुढे घसरतं, ते वरच्या कप्प्यात. गुडघा मुख्यतः दुमडतो, हा सांधा फिरतोही आणि घसरतोही. शिवाय डावा आणि उजवा असे दोन्ही सांधे एकाच हाडाला जोडलेले असल्यानं एकाचं दुखणं दुसऱ्याला भोवतं. वरच्या कप्प्यात सव्वा मिलिलिटरच्या आसपास द्रव मावतो, म्हणजे चहाच्या चमच्याचा चौथा हिस्सा. या लेखातली बहुतेक इंजेक्शनं त्या एवढ्याशा जागेत द्यायची असतात, हे लक्षात घेतलं की देणाऱ्याचा हात किती सरावाचा हवा ते कळतं.

ढोबळपणे चार प्रकारचे त्रास दिसतात. पहिला आणि सर्वांत जास्त आढळणारा स्नायूंचा. दात आवळून धरण्याची किंवा रात्री दात खाण्याची सवय, ताण, अपुरी झोप यांमुळे गालाचे आणि कानशिलाचे स्नायू दुखतात. गाल दाबला की ओळखीची कळ उठते. दुसरा चकती सरकण्याचा. ती जागेवर परतत असेल तर आवाज येतो, परतत नसेल तर तोंड अडतं आणि उघडताना हनुवटी दुखऱ्या बाजूला झुकते. तिसरा सांध्याच्या झिजेचा किंवा संधिवाताचा. यात खडीवर पाय पडावा तशी करकर ऐकू येते. चौथा ढिलेपणाचा. मोठी जांभई दिली किंवा दंतवैद्याकडे बराच वेळ आ करून बसलं की जबडा निखळतो आणि तोंड मिटताच येत नाही. एकाच माणसात यातले दोन त्रास एकत्रही असतात.

घरच्या घरी एक मोजमाप करता येतं. आपलीच तीन बोटं, तर्जनी, मधलं आणि अनामिका, उभी करून वरच्या-खालच्या पुढच्या दातांमध्ये बसतात का ते पाहावं. नेमकं हवं असेल तर शाळेची पट्टी धरून आरशात मोजावं. मोठ्या माणसाचं तोंड साधारण ४० ते ५० मिलिमीटर उघडतं. ३५च्या खाली गेलं तर तपासणी करून घ्यावी. केवळ आवाज येतो, दुखत नाही आणि तोंड पूर्ण उघडतं, अशा जबड्याला मात्र उपचाराची गरज नसते. हे ठासून सांगायला हवं, कारण नुसत्या आवाजाच्या धास्तीनं उपचार मागणारे पुष्कळ आहेत.

आपल्याकडे आणखी एक गल्लत होते आणि ती महागात पडते. सुपारी, गुटखा, खर्रा, मावा खाणाऱ्यांचं तोंड हळूहळू कमी उघडायला लागतं, तेव्हा दोष जबड्याच्या सांध्याचा नसतो. गालांच्या आतली त्वचा पांढुरकी, ताठ होत जाते. तिखट लागलं की आग होते, गालात बोट फिरवलं तर दोरीसारखे पट्टे लागतात. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी असली तरी हे रुग्ण प्रत्येक दंत महाविद्यालयात आजही दिसतात. या आजाराला सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात आणि तो पुढे कर्करोगाकडे जाऊ शकतो. त्याची इंजेक्शनं गालाच्या आत देतात, सांध्यात नव्हे. त्यात हायलुरोनिडेज नावाचं औषध असतं. सांध्यात भरायच्या 'जेल'चं नाव हायलुरोनिक ॲसिड. नावं जुळ्या भावंडांसारखी, कामं उलटी: ॲसिड वंगण पुरवतं, हायलुरोनिडेज तेच विरघळवतं. चिठ्ठीवरचं नाव नीट वाचून घ्यावं.

काही वेळा जबड्याचं दुखणं जबड्याचं नसतंच. चालताना किंवा जिना चढताना डाव्या जबड्यात कळ येते आणि थांबल्यावर जाते, तर हृदयाची तपासणी आधी. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाची कानशिलं दुखतात, केस विंचरताना डोकं हुळहुळतं आणि घास चावता चावता जबडा दमून जातो, तर कानशिलाच्या रक्तवाहिनीला सूज असण्याची शक्यता असते. तिच्याकडे दुर्लक्ष झालं तर दृष्टी जाऊ शकते, म्हणून त्याच दिवशी डॉक्टर गाठावेत. ताप, गालावर सूज, चेहऱ्याला बधिरपणा, वजन घटणं किंवा अलीकडची जखम आणि त्यानंतर ताठ झालेला जबडा, यांपैकी काहीही असलं तर सांध्याच्या इंजेक्शनचा विचारही नको. आधी कारण शोधायचं.

निदान मुख्यतः हातानं होतं. २०१४ मध्ये जबड्याच्या सांध्याच्या विकारांसाठी आंतरराष्ट्रीय निकष प्रसिद्ध झाले. त्यांत स्नायू आणि सांधा ठरावीक जागी, ठरावीक दाबानं चाचपणं, तोंड किती आणि कसं उघडतं ते मोजणं, शिवाय रुग्णाची चिंता, झोप आणि मनःस्थिती विचारणं या सगळ्याला स्थान आहे. ओपीजी नावाच्या एक्स-रेमध्ये दोन्ही सांध्यांची हाडं दिसतात, चकती दिसत नाही. चकती पाहायला एमआरआय लागतो. प्रत्येकाला त्याची गरज नसते, पण गाल न चाचपता, तोंड न मोजता, नुसता एक्स-रे पाहून कोणी सुई सुचवत असेल तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत जरूर घ्यावं.

इथे सुईबद्दलची एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. डिसेंबर २०२३ मध्ये 'बीएमजे' या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकानं जबड्याच्या जुनाट, म्हणजे तीन महिन्यांपेक्षा जास्त चाललेल्या दुखण्यावर मार्गदर्शक शिफारशी छापल्या. डॉक्टर आणि रुग्ण दोघांचाही समावेश असलेल्या आंतरराष्ट्रीय गटानं त्या तयार केल्या होत्या. ठाम शिफारस मिळाली ती मार्गदर्शनाखाली केलेल्या जबड्याच्या व्यायामांना, हातानं स्नायू मोकळे करण्याला, मानेच्या आणि बसण्याच्या ढबीच्या व्यायामांना, विचार आणि वर्तन बदलणाऱ्या समुपदेशनाला आणि घरी करायच्या साध्या काळजीला. सांधा धुणं, हायलुरोनिक ॲसिड, स्टिरॉइड, बोट्युलिनम टॉक्सिन आणि स्नायूंच्या गाठींत दिलेली इंजेक्शनं यांच्याबाबत कौल सशर्त विरोधाचा होता. म्हणजे बंदी नाही, पण जुनाट वेदनेवरचा नेहमीचा उपाय म्हणून ती देऊ नयेत.

तरीही सुईला जागा आहे. त्या शिफारशी जुनाट वेदनेसाठी आहेत. नव्यानं अडकलेला जबडा किंवा वारंवार निखळणारा जबडा हे प्रश्न वेदनेचे कमी आणि हालचालीचे जास्त आहेत.

अडकलेल्या जबड्याबद्दलही घाई नको. १९९८ मध्ये जपानच्या कुरिता आणि सहकाऱ्यांनी चकती सरकून अडलेल्या ४० रुग्णांना उपचार न देता अडीच वर्षं पाहिलं. सुमारे ४० टक्के लोकांची लक्षणं पूर्ण गेली, एक तृतीयांश लोकांचा त्रास कमी झाला आणि एक चतुर्थांश लोकांचा तसाच राहिला. शरीर स्वतः बरंच निभावून नेतं. पण त्या चौथ्या हिश्श्यातल्या माणसाला अडीच वर्षं अर्धं तोंड उघडून जेवावं लागतं, हेही खरं. मधला मार्ग असा की जबडा अचानक अडला तर थोड्या दिवसांतच तो तज्ज्ञाला दाखवावा. सुरुवातीच्या काळात नुसत्या हाताच्या कौशल्यानंही चकती जागेवर येऊ शकते. मग काही आठवडे मऊ खाणं, शेक, थोडे दिवस वेदनाशामक आणि व्यायाम. एवढं करूनही तोंड उघडेना, तर सुई.

मऊ खाणं म्हणजे उपास नव्हे. वरणभात, खिचडी, उपमा, दुधात कुस्करलेली पोळी, नीट शिजलेली भाजी चालते. चिक्की, ऊस, भाजलेलं कणीस, कडक भाकरीचा पापुद्रा आणि च्युइंगम काही आठवडे दूर ठेवावं. जांभई येताना हनुवटीखाली मूठ धरावी. दिवसभर ओठ मिटलेले, दात सुटे आणि जीभ टाळूला टेकलेली, ही जबड्याची विश्रांतीची बैठक. दात एकमेकांना टेकलेले असणं ही चावण्याची आणि गिळण्याची वेळ, इतर वेळी ते सुटेच हवेत. संगणकासमोर बसणाऱ्या अनेकांना आपण दात आवळून बसलोय हे माहीतच नसतं. पडद्याच्या कोपऱ्यात एक रंगीत ठिपका चिकटवून तो दिसला की दात सोडायचे, ही युक्ती उपयोगी पडते.

आता सांधा धुण्याविषयी. डॉक्टरांच्या भाषेत ही आर्थ्रोसेंटेसिस. सांध्याच्या कप्प्यात दुर्बीण घालून पाहण्याची पद्धत जपानच्या मासातोशी ओनिशी यांनी १९७५ मध्ये मांडली. दुर्बिणीबरोबर आत द्रव सोडावा लागे आणि पुढे असं लक्षात आलं की नुसत्या धुण्यानंही रुग्णांना बरं वाटतंय, चकती जागेवर आणली नाही तरी. मग दुर्बीण कशाला, दोन सुया पुरेत, या विचारातून जेरुसलेमच्या डोरित नित्झान यांनी डॉल्विक आणि मार्टिनेझ यांच्याबरोबर १९९१ मध्ये दोन सुयांची पद्धत प्रसिद्ध केली. ओल्या ओट्यावर स्टीलचं ताट पालथं ठेवलं तर ते ओट्याला चिकटून बसतं, ओढून निघत नाही. कडेनं थोडं पाणी किंवा हवा शिरली की अलगद सुटतं. चकतीही कवटीच्या खाचेला अशीच चिकटून बसते, असं नित्झान यांचं म्हणणं. दाबानं सोडलेला द्रव तिला सोडवतो, शिवाय सांध्यात साठलेली दाह वाढवणारी द्रव्यं वाहून नेतो. नंतर एमआरआय केला तर चकती बहुधा पूर्वीच्याच, सरकलेल्या जागी दिसते. तोंड मात्र उघडतं. म्हणून 'चकती जागेवर बसवून देतो' असं आश्वासन या उपचारासाठी कोणी दिलं तर ते मनावर घेऊ नये.

प्रत्यक्षात हे असं घडतं. रुग्णाला आडवं झोपवून डोकं एका बाजूला वळवतात, केसांवर टोपी आणि कानात कापसाचा बोळा घालतात. डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यापासून कानाच्या पुढच्या उंचवट्याच्या मध्यापर्यंत पेनानं रेघ आखतात. कानापासून १० मिलिमीटर पुढे आणि रेघेच्या २ मिलिमीटर खाली पहिली खूण. २० मिलिमीटर पुढे आणि १० मिलिमीटर खाली दुसरी. जागा बधिर केली जाते. पहिल्या सुईतून थोडा द्रव आत सोडला की कप्पा फुगतो आणि सुई सांध्यातच आहे याची खात्री होते. मग दुसरी सुई. एकीतून सलाइन किंवा रिंगर लॅक्टेट आत, दुसरीतून बाहेर. किती द्रव वापरावा यात डॉक्टरांची पद्धत वेगवेगळी. ५० पासून २०० मिलिलिटरपर्यंत जातात. मधूनमधून डॉक्टर तोंड उघडायला, मिटायला, जबडा बाजूला न्यायला सांगतात. अर्ध्या-पाऊण तासात सगळं आटोपतं. फार घाबरणाऱ्यांना गुंगीचं औषध देता येतं, पूर्ण भूल क्वचितच लागते. काही डॉक्टर एकाच सुईनं, द्रव भरून आणि परत काढून, हेच काम करतात.

उपचारानंतर त्या बाजूचे मागचे दात एक-दोन दिवस नीट टेकत नाहीत, कारण सांध्यात द्रव उरलेला असतो. घाबरायचं कारण नाही. बधिर करण्याच्या औषधानं चेहऱ्याची एक नस सुन्न झाली तर काही तास पापणी पूर्ण मिटत नाही. तेवढा वेळ डोळ्याला पट्टी लावून धुळीपासून जपावं. सूज, थोडं रक्त साकळणं हेही होतं. जंतुसंसर्ग दुर्मिळ आणि सुई कवटीच्या आत जाण्याचा धोका अतिदुर्मिळ, पण संमतीपत्रावर त्याचा उल्लेख असणं योग्यच.

धुऊन झाल्यावर त्याच सुईतून कप्प्यात काहीतरी ठेवण्याची पद्धत आहे. सर्वांत प्रचलित म्हणजे हायलुरोनिक ॲसिड. ते सांध्याच्या नैसर्गिक वंगणातलाच घटक. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात कार्ल मायर आणि जॉन पामर यांनी १९३४ मध्ये ते गाईच्या डोळ्यातून वेगळं काढलं. योगायोग असा की त्याच वर्षी अमेरिकेतल्याच सेंट लुइसचे कान-नाक-घसातज्ज्ञ जेम्स कॉस्टेन यांनी जबड्याच्या सांध्याशी निगडित कानदुखीचा लेख लिहिला आणि या विकाराला पुढे कित्येक वर्षं त्यांचं नाव मिळालं. त्या दोन गोष्टींची गाठ पडायला मात्र दशकं जावी लागली. आज साधारण एक मिलिलिटर जेल एका सांध्यात घालतात. इटलीतल्या पदुआच्या डॉक्टरांनी आठवड्याला एक असं पाच वेळा धुऊन जेल भरण्याची पद्धत रूढ केली, तर अनेक जण एकदाच करतात. झिजलेल्या, करकरणाऱ्या सांध्यात काही महिने आराम पडल्याचे अनुभव आहेत. नुसत्या धुण्यापेक्षा जेलनं नेमकी किती भर पडते, यावर अभ्यासांचं एकमत नाही. आणि बिलातला मोठा आकडा बहुधा जेलच्या सिरिंजचा असतो. म्हणून 'जेलशिवाय फक्त धुतलं तर चालेल का?' हे विचारण्यात संकोच नको. काही उत्पादनं कोंबड्याच्या तुऱ्यापासून बनतात. पक्ष्यांच्या प्रथिनांची ॲलर्जी असेल तर आधीच सांगावं.

स्टिरॉइडचं इंजेक्शन दाह झपाट्यानं उतरवतं. संधिवातानं पेटलेल्या सांध्यात एखाद्या वेळी ते योग्य ठरतं. पण एकाच सांध्यात पुन्हा पुन्हा दिलं तर कूर्चा आणि हाड झिजण्याची भीती असते. वाढत्या वयाच्या मुलांत तर फारच विचार करून द्यावं लागतं, कारण खालच्या जबड्याच्या वाढीचं एक केंद्र नेमकं या सांध्याच्या टोकाशीच असतं. मधुमेह असलेल्यांची साखर इंजेक्शननंतर काही दिवस वाढू शकते. त्या दिवसांत ती घरी मोजावी आणि औषध कमीजास्त करायचं ते आपल्या डॉक्टरांना विचारूनच.

पीआरपी म्हणजे आपलंच रक्त हातातून काढून, यंत्रात फिरवून, त्यातला बिंबिकांनी समृद्ध असा भाग वेगळा करणं आणि तो सांध्यात घालणं. आपलंच रक्त असल्यानं ॲलर्जीचा प्रश्न जवळपास नाही. पण रक्त किती घ्यायचं, किती वेगानं फिरवायचं, बिंबिका किती दाट हव्यात, यात दवाखान्यागणिक फरक असतो. त्यामुळे एका ठिकाणचा निकाल दुसऱ्या ठिकाणी लागू पडेलच असं नाही. वेदना कमी झाल्याचे चांगले अहवाल आहेत; झिजलेलं हाड नव्यानं घडतं, असा दावा मात्र जपून ऐकावा.

सांधा ढिला असेल तर सगळं चित्र फिरतं. जबडा निखळला तर तो बसवण्याची रीत हिप्पोक्रॅटिसच्या लेखनातही सापडते, इतकी ती जुनी. दाढांवर आणि त्यांच्यामागे अंगठे ठेवून खाली आणि मागे दाबायचं. हे काम डॉक्टरांनीच करावं. पण महिन्यातून दोनदा निखळणाऱ्या जबड्याचं काय? १९३७ मध्ये अमेरिकेच्या लुइस शुल्ट्झ यांनी सांध्याभोवती क्षोभक औषध टोचून तिथली आवरणं आवळून घेण्याची कल्पना मांडली. आज त्या जागी साखरेचं दाट पाणी, म्हणजे १० ते २५ टक्के डेक्स्ट्रोज वापरतात. स्वस्त, सगळीकडे मिळणारं औषध. काही आठवड्यांच्या अंतरानं तीन-चार वेळा द्यावं लागतं. दुसरा मार्ग रुग्णाच्या स्वतःच्या रक्ताचा. १९६४ मध्ये ब्राखमान यांनी तो वर्णन केला. हाताच्या शिरेतून काढलेलं रक्त लगेच, न फिरवता, साधारण दोन मिलिलिटर सांध्यात आणि एक मिलिलिटर भोवतालच्या आवरणात घालतात. रक्त गोठतं, थोडा व्रण तयार होतो आणि अतिरेकी हालचालीला लगाम बसतो.

इथे घरच्या माणसांनी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. अडकलेला सांधा धुतल्यावर दुसऱ्याच दिवशी तोंड उघडण्याचे व्यायाम सुरू करायचे असतात. ढिल्या सांध्यात रक्त घातल्यावर एक-दोन आठवडे हनुवटीला पट्टा बांधून तोंड जास्त उघडू द्यायचं नसतं. शेजारणीला सांगितलेला व्यायाम आपल्यालाही चालेल, असं समजून केला तर केलेला उपचार उलटू शकतो.

स्नायूंच्या दुखण्यात सांध्यात सुई घालून उपयोग नाही. तिथे बोट्युलिनम टॉक्सिनचं नाव निघतं. ते गालाच्या आणि कानशिलाच्या स्नायूंत टोचतात; परिणाम काही दिवसांत सुरू होतो, तीन-चार महिने टिकतो आणि ओसरतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं १९८९ मध्ये तिरळेपणा आणि पापण्यांच्या आकडीसाठी, तर २०१० मध्ये जुनाट अर्धशिशीसाठी त्याला मान्यता दिली. जबड्याच्या दुखण्यासाठी अशी मान्यता तिथे नाही. २०११ मध्ये स्वीडिश संशोधकांनी २१ रुग्णांवर केलेल्या चाचणीत साध्या सलाइनच्या इंजेक्शनपेक्षा फार फरक दिसला नाही. शिवाय स्नायू वारंवार लुळा ठेवला तर त्याच्या ओढीवर जगणारं जबड्याचं हाड विरळ होण्याची शंका संशोधक बोलून दाखवतात. गाल बारीक दिसावा म्हणून हेच इंजेक्शन घेणाऱ्या तरुणांनी ही शंका कानाआड करू नये. गर्भवती, स्तनदा माता आणि मायस्थेनियासारखे स्नायूंचे आजार असलेल्यांनी ते टाळावं.

मग हा सगळा सुईचा खटाटोप करायचाच कशाला, सरळ शस्त्रक्रियाच का नको, असं एखाद्याला वाटेल. त्याचं उत्तर १९८०च्या दशकातल्या अमेरिकेत आहे. तेव्हा सरकलेली चकती काढून टाकून तिच्या जागी प्रोप्लास्ट-टेफ्लॉनचं रोपण बसवण्याची लाट आली. चावण्याच्या दाबाखाली त्या पदार्थाचे तुकडे झाले, शरीरानं त्यांच्यावर हल्ला चढवला आणि कित्येक रुग्णांची हाडं झिजून गेली. १९९०-९१ मध्ये तिथल्या औषध प्रशासनाला धोक्याचे इशारे द्यावे लागले. त्या रुग्णांनी सोसलेलं पाहून या क्षेत्रानं आपला क्रम बदलला: आधी जे मागे घेता येतं ते, मग सुई, मग दुर्बीण आणि उघडी शस्त्रक्रिया सर्वांत शेवटी. दात घासून चावा बदलणं किंवा सांध्यासाठी म्हणून चांगल्या दाढांवर टोप्या चढवणं हे मागे घेता येत नाही. म्हणून त्या सूचनेला लगेच होकार देऊ नये.

उपचार ठरला की डॉक्टरांना विचारायचे प्रश्न कागदावर लिहून न्यावेत. माझं दुखणं स्नायूचं, चकतीचं, झिजेचं की ढिलेपणाचं? आत नेमकं काय घालणार आणि त्यावाचून चालेल का? हेच काम तुम्ही नेहमी करता का? किती वेळा करावं लागेल आणि उपयोग झाला नाही तर पुढे काय? प्रक्रियेचा आणि औषधाचा खर्च वेगळा किती? हे काम तोंड व जबड्याच्या शल्यचिकित्सेत पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या मॅक्सिलोफेशियल सर्जनचं. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथल्या शासकीय दंत महाविद्यालयांत आणि मुंबईच्या नायर दंत महाविद्यालयात हे विभाग आहेत. खासगी दवाखान्याचा खर्च झेपत नसेल तर तिथे जाण्यात कमीपणा मानू नये. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती मनानं बंद करू नये, हृदयरोगतज्ज्ञांना विचारावं. दाढी वाढवली असेल तर आदल्या दिवशी कल्ले काढावेत. येताना सोबत कोणीतरी असावं.

सुईनंतरचे सहा आठवडे खरे कामाचे. अडकलेला सांधा मोकळा झाला तरी जवळचे स्नायू आणि आवरणं आखडलेलीच असतात. व्यायाम सोडला तर तोंड पुन्हा मिटत जातं. आइस्क्रीमच्या लाकडी काड्या स्वच्छ धुऊन, एकावर एक रचून पुढच्या दातांमध्ये धरायच्या आणि दर दोन-तीन दिवसांनी एक काडी वाढवायची, ही रीत आपल्याकडच्या दंत महाविद्यालयांत रुळलेली आहे. ताण जाणवावा, कळ येऊ नये. दिवसातून चार-पाच वेळा, प्रत्येक वेळी थोडी मिनिटं, शेकल्यानंतर केलं तर सोपं जातं. दर रविवारी सकाळी, दात घासल्यावर, आरशासमोर पट्टी धरून तोंड किती मिलिमीटर उघडतं ते मोजावं आणि स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकटीत लिहून ठेवावं. पुढच्या तपासणीला जाताना त्या पानाचा फोटो घेऊन जावा. आकडा सलग दोन आठवडे खाली घसरलेला दिसला, तर तपासणीच्या तारखेची वाट न पाहता फोन करावा.